रडण्याचा तास

आशाबाई वर्गाच्या दारात उभी राहिली, आणि आत भिंतीवरच्या स्पीकरमधून तिचंच रडणं ऐकू येत होतं.

आधी तिला खरंच वाटेना. हळद विकायला गाडीबरोबर हिंगोलीच्या मोंढ्यावर, बाजारात आली होती, जाता जाता भाचीला चटणीचा डबा द्यावा म्हणून कॉलेजात शिरली, इतकीच काय ती गोष्ट. पण स्वतःचा गळा कुणाला ओळखू येत नाही? "माझ्या विसू रं, हिरीवरली मोटार आता कोन चालू करंल रं..." त्याच मोटारीचा शॉक लागून विश्वंभर गेला होता. तिचं बावीस वर्षांचं पोरगं. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते तेव्हा. हिंगोलीजवळच्या गोरेगावात, घरच्या अंगणात त्याला निजवलेलं, आणि ती शेजारी बसून हेल काढून जशी रडली, तसंच्या तसं सगळं इथं चाललं होतं. मधला खोकलासुद्धा.

वर्गात साठेक पोरंपोरी वह्या उघडून बसली होती. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'जगातील शोकगीते'. शेजारच्या पडद्यावर तक्ता होता. देश, जमात, वय, आवाज, स्वरांचे चढउतार, वेळ. जॉर्जिया, घाना, महाराष्ट्र, आयर्लंड. महाराष्ट्रापुढं वेळ लिहिली होती, चार मिनिटं अकरा सेकंद.

"इथं लक्ष द्या," संगीताचे संतराम सर म्हणाले. "वरून ती खालच्या पंचमावर कशी सावकाश उतरते बघा. शिकलेली नाही हं बाई. तरी काय सुंदर उतरते. पुन्हा ऐकू या."

आणि त्यांनी ते मागं घेऊन पुन्हा लावलं. लावावं का माणसानं? सख्ख्या आईच्या पोटातली कळ ती, आणि हे ट्रॉली मागं घ्यावी तशी तिला मागं घेऊन राहिले. पुढच्या बाकावरच्या दोघांनी माना डोलावल्या. एकाची बोटं बाकावर ठेका धरायला लागली.

आशाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपला घालूनच ती आत शिरली.

"बंद करा ते."

सरांनी चमकून मागं पाहिलं. "कोण आपण? तास चालू आहे बाई."

"रडून राहिली ना, ती मी हाय."

सरांनी आवाज बंद केला. दुसऱ्या बाकावर प्रियदर्शनीनं, आशाबाईच्या भाचीनं, मान खाली घातली. त्या दिवशी हीच पोरगी आत्याला धरून बसली होती. एक हात सारखा पाठीवरून फिरवत होती. दुसऱ्या हातात काय होतं, ते आशाबाईला आत्ता कळलं.

"तू व्हय गं?"

"सरांनी आपापल्या भागातलं आणायला सांगितलं होतं, आत्या," प्रियदर्शनी पुटपुटली. "बाकीच्यांनी कुणाला तरी बसवून रडायला लावलं. माझंच खरं होतं. मला सगळ्यात जास्त मार्क पडले."

आशाबाईनं तिच्याकडं नुसतं पाहिलं. लेकीसारखी पोर ती. तिच्या तोंडात मारावी असंही वाटलं, आणि हात उचलेना.

सर काही वाईट माणूस नव्हते. ते पुढं आले, आवाज मऊ करून म्हणाले, "मावशी, रागावू नका. हा तुमचा मानच आहे. जगातल्या बायांच्या रांगेत बसवलंय आम्ही तुम्हाला. फक्त नाव तेवढं राहिलं, ते आत्ता घालतो. काय नाव तुमचं?" ते कीबोर्डवर बोटं ठेवून थांबले.

"माझं नाव काहून? मी मेले का?"

"मग कुणाचं?"

"मेला त्याचं कुठंय?"

सरांनी तक्त्याकडं पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "तसा रकाना नसतो मावशी. आपण गायनाचा अभ्यास करतो."

"म्हंजी मी गाऊन राहिले व्हते?"

आशाबाई वर्गाकडं वळली. संताप असा की आवाज उलट खाली गेला होता. "आमच्या गावात असं रडणं कानावर आलं का वैरीबी दारात येऊन आधी इचारतो, कोण गेलं. तुमी साठ जण हायेत. दोनदा ऐकलं. एकानं तरी इचारलं का?"

सर घाईघाईनं तक्ता मिटवायला गेले ते बोट खालच्या ओळीवर पडलं, आणि स्पीकरमधून दुसरीच बाई रडायला लागली. म्हातारी होती. एक अक्षर कळत नव्हतं. फक्त एक शब्द ती सारखा घेत होती, आणि दरवेळी तिथंच तिचा गळा फाटत होता. आशाबाईचा हात आपसूक पदराकडं गेला. तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला.

"हिचं कोण गेलं?"

सरांनी त्या ओळीवर बोट फिरवलं. "आयर्लंडची आहे ही. वय सत्तरच्या पुढं. कोण गेलं ते..." त्यांनी ओळ शेवटपर्यंत वाचली. "ते लिहिलेलं नाही."

"किती वर्सं शिकवून राहिले हे?"

"नऊ," सर म्हणाले.

तेवढ्यात घंटा झाली. सुटल्यासारख्या वह्या मिटल्या, बाकं करकरली, पोरं दप्तरं उचलून दाराकडं निघाली. म्हातारी रडतच होती. सरांनी ते बंद करायला हात लांब केला तसा आशाबाईनं तो मधेच अडवला, प्रियदर्शनीला सरकायला लावलं आणि बाकाच्या टोकाला बसली.

"बसा समदे," ती म्हणाली. "मयतीतून मधीच उठत न्हाईत."