आक्कांनी रंगवलेली खिडकी

वीतभर रॉकेटच्या पोटावर आनंदीआक्का खारीच्या केसांच्या कुंचल्याने निळा रंग भरत होत्या, तेवढ्यात इंजिनियर पेंढारकर धावत आला.

"आक्का, निळा म्हणजे काच! यंत्रात तुमचा नमुना ठेवला की ते हुबेहूब तसंच मोठं रॉकेट उभं करतं."

"सावंतवाडीची लाकडी फळं सोडून वीस वर्षं हेच रंगवतेय. पांढरा म्हणजे पत्रा, सोनेरी म्हणजे पितळ. मला शिकवू नकोस."

"पण नकाशात खिडकी नाही."

"नकाशा काढणारा जाणार आहे का मंगळावर? जाणार माझी नात. सात महिने वैजूने बरणीतल्या लोणच्यासारखं बसायचं?"

"काच पातळ झाली तर जीव जाईल तिचा."

"रंगाचे नऊ हात दिलेत. मोजून घे."

त्याने मोजलं. जाडी भरपूर होती. "मग वजन वाढलं. उडणार नाही हे."

"वाढलं तेवढं उतरवलंय."

पेंढारकरने नमुना फिरवला. दोन्ही अंगांवर सोनेरी, ठसठशीत अक्षरांत संस्थेच्या अध्यक्षांचं नाव असायचं. ते खरवडून साफ केलेलं होतं. त्याने तराजूवर ठेवून पाहिलं. काटा जिथल्या तिथे आला.

"साहेब विचारतील," तो हळूच म्हणाला.

"विचारू देत. त्यांना म्हणावं, वैजूच्या जागी बसून जात असाल तर खिडकी पुसते आणि नाव परत काढून देते."

पेंढारकरने नमुना तराजूवरून उचलून आक्कांच्या हातात दिला. मग त्याने यंत्राचं दार उघडून धरलं.