मागच्या सीटवरचे आजोबा

ॲपवर गाडी भाड्याने द्यायची, तर मालकाला समोरही यावं लागत नाही. गाडी पुसून, किल्ली आत ठेवून तो आंघोळीला गेला. गिऱ्हाईक येऊन परस्पर गाडी घेऊन गेलं. तासाभराने कळलं, त्याचे वडील अण्णा घरात नाहीत. बाग झाली, दवाखाना झाला, शेजार पालथा घातला. सून देव पाण्यात घालून बसली. तेवढ्यात गिऱ्हाईकाचा फोन.

"दादा, मागच्या सीटवर एक आजोबा आडवे झालेत हो! खोकले म्हणून कळलं."

"अहो, निघताना गाडी बघितली नाहीत?"

"बघितली की! चारही बाजूंनी ओरखड्यांचे फोटो काढले. आत कोण बघतंय?"

मालकाचा जीव भांड्यात पडला. "त्यांना द्या जरा. अण्णा, गाडीत कसले झोपता! केवढा घोर लावलात!"

"झोपतोय कसला, सोंग होतं ते. बुकिंगमध्ये याने माझ्या ताईचंच गाव लिहिलं होतं. तुझा 'पुढचा रविवार' काही उजाडेना. आता मला न्यायला ये, म्हणजे तुझीही भेट होईल तिच्याशी."