वरची जुडी

व्हॅलेन्सियाच्या मंडईत हौसाबाईंनी ढिगातली मटाराची शेंग उचलली, सोलली आणि दोन दाणे सरळ तोंडात टाकले. गाळ्यामागच्या अम्पारोबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आई, इथं मालाला हात लावत नाहीत," तेजल कुजबुजली. चार वर्षं ती या शहरात एकटी राहत होती. बोट दाखवायचं, पैसे द्यायचे आणि निघायचं, एवढीच तिची बाजाराशी ओळख.

"चाखल्याबिगर कसं कळायचं?" हौसाबाईंनी उरलेले दाणे अम्पारोबाईंच्या तळहातावर ठेवले. अम्पारोबाईंनी ते तोंडात टाकले आणि त्या हसल्या.

हौसाबाईंनी लेकीला दंडाला धरून पुढं केलं. "ही माझी पोरगी. मी उद्या कोल्हापूरला चालले. जरा लक्ष असू द्या हिच्याकडं."

"त्यांना मराठी येत नाही, आई."

"लेकरं तर असतील की."

अम्पारोबाईंनी मटार तोलला, तेजलकडं नीट निरखून पाहिलं आणि न मागता वर कोथिंबिरीसारख्या पार्सलीची जुडी फुकट ठेवली. चार वर्षांत तेजलला अशी जुडी कधीच मिळाली नव्हती.

हौसाबाईंनी पिशवी लेकीच्या हातात दिली. "चल. आता मी जायला मोकळी."