चाचणीपुरते मृत

हेडक्लार्क धनीरामजी वारले, असं खाणीच्या ऑफिसातल्या संगणकावर आलं. सगळ्यांनी ते वाचलं, आणि असं काही आलंच नाही असं समजून चहा मागवला. धनीरामजी पडद्यासमोरच उभे होते. त्यांनीही एक कप घेतला.

साल एकोणनव्वद. सुखरामला कामावर कायम करायचं की नाही, हे नागपूरचे साहेब आज ठरवणार होते. कामगारांच्या नोंदींचा आपण लिहिलेला प्रोग्राम त्यांना दाखवायला म्हणून त्याने हेडक्लार्कांचंच नाव टाइप केलं होतं. सानगडीच्या या पोराला काम द्या म्हणून साहेबांच्या दारात जाऊन बसणारेही तेच.

"काहून रे सुखराम, मी कधी गेलो?" धनीरामजींनी विचारलं.

"काकाजी, ते खरं नाही."

"मले बी तसंच वाटून राहिलं."

सुखरामने खाली बघत सांगितलं. प्रोग्राम नागपूरच्या मोठ्या संगणकावर. तिथं तो स्वतः बसला, की कोणत्या फायली उघडायच्या ते त्याच्या नावावरून आपोआप ठरायचं. इथून टेलिफोनच्या तारेवर डेटाबेसशी जोडणी करून प्रोग्राम बोलावला, की ते दरवेळी आधी सांगावं लागतं. सांगायचं राहिलं. न सांगितल्यास खोट्या नोंदींच्या, चाचणीच्या फायली उघडाव्यात, ही सोयही त्यानेच करून ठेवलेली.

"अन् चाचणीत मेलेला माणूस कायले लागते?"

"विम्याचा हिशेब बरोबर निघते का, ते पाहाचं होतं."

"मंग मीच काहून?"

साहेबांनी एक बटण दाबलं. पुढची ओळ आली. मृत्यूचं कारण: स्वभाव.

शिपाई बाबुलालला खोकला आला आणि तो बाहेर जाऊन बराच वेळ खोकला. धनीरामजींनी अर्धा कप खाली ठेवला. चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली.

"पोरगा कामाचा आहे जी, साहेब," ते म्हणाले. "ठेवा याले."

मग ते आपल्या टेबलाशी जाऊन बसले.

साहेबांनी ठेवलं. दुपारी सुखरामने पहिला अर्ज केला.

'विषय: बदलीबाबत. अर्जदार आजपासून कायम झाला असून हेडक्लार्कसाहेबांचे टेबल त्याच्या अगदी समोर आहे. सबब, अर्जदाराची बदली खाणीच्या सर्वांत खालच्या थरावर करण्यात यावी. वर येण्याची सोय नसल्यास अर्जदाराची हरकत नाही.'