लालमधून पिवळ्यात

अंगणवाडीच्या मंदाताईंनी चिमुकल्या फुलीच्या दंडाला मापाची कागदी पट्टी गुंडाळली, आणि पट्टीच्या खाचेत पिवळा रंग दिसला. गेल्या महिन्यात लाल होता. लाल म्हणजे पोर फारच खंगलेलं, पिवळा म्हणजे थोडं सावरलेलं. तालुक्याहून तपासणीला आलेल्या मॅडमनी खूश होऊन टाळ्या वाजवल्या, म्हणून अंगणवाडीतल्या पोरांनीही वाजवल्या. सगळे आपल्याकडेच बघतायत म्हटल्यावर फुलीनेही वाजवल्या.

योजनेत नुकतीच सुधारणा झाली होती. पूर्वी अंडं सरसकट सगळ्या पोरांना मिळे. आता खऱ्या गरजूंनाच, म्हणजे लाल पोरांनाच. रोजचं अंडं खाऊन फुली पिवळी झाली होती, तेव्हा उद्यापासून तिचं अंडं बंद.

“ताई, पट्टी जरा आवळा की,” फुलीची आई हळूच म्हणाली.

“आवळली असती गं,” मंदाताई तितक्याच हळू म्हणाल्या. “पण मॅडमनी फोटो काढून वर पाठवलासुद्धा.”

मॅडम जीपमध्ये बसून गेल्या. धूळ खाली बसेपर्यंत आई तशीच उभी राहिली. मग तिने विचारलं, “परत लाल व्हायला किती दिवस लागतील?”

असल्या प्रश्नाचं प्रशिक्षण मंदाताईंना कुणी दिलं नव्हतं. पण एकवीस वर्षं त्या याच पाड्यावरची पोरं मोजत होत्या, आणि खोटं बोलणं त्यांच्या जिवावर आलं.

“फार नाही गं. अंडं बंद झालं, की महिनाभरात होतात.”

आईने फुलीला कडेवर घेतलं. तिचा चेहरा जरा मोकळा झाला.

“मग ठीक आहे,” ती म्हणाली. “मला वाटलं, कायमचंच गेलं.”