जिनयिनचा चोथा

माझ्या तान्ह्या मीलीला कसलाही काढा द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी आठवडाभर परसातल्या जिनयिनच्या वेलीवरच्या पांढऱ्या कळ्या पहाटेच खुडलेल्या दिसायच्या आणि मातीच्या भांड्याला कडवट वास यायचा.

"आई, पोरीला काय पाजता?"

"काही नाही गं. कॉलेजात हेच शिकवलं का, सासूची झडती घ्यायला?"

मीलीच्या तोंडाला दुधाचाच वास होता. पण सासूबाई हल्ली तिचा पापा घेत नव्हत्या. शिवाय औषधाचा चोथा आमच्याकडे सगळे दारापुढच्या रस्त्यावरच टाकतात. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांबरोबर दुखणं निघून जातं म्हणतात. या मात्र तो झाकून तीन गल्ल्या पलीकडे नेत. लपवायचं नसेल, तर एवढी पायपीट कशाला?

आज मी मागोमाग गेले आणि चोथा टाकतानाच त्यांना गाठलं. "खरं सांगा, कुणाचं औषध हे?" म्हणत पुढे झाले, तशा त्या ओरडल्या, "मागे हो, रुइवन! पाय पडला तर माझा ताप घरी नेशील. पोर अजून तुझ्या अंगावर पितेय."