बचत बझारचं हळदीकुंकू

"आम्ही काही नुसत्या बघून जाणाऱ्यातल्या नाही हं," गोदावरीबाई म्हणाल्या. "आलो की दुकान लुटूनच जाऊ."

धनराज खळखळून हसला. "लुटा की मावशी! त्यासाठीच तर उघडतोय."

पाथर्डी फाट्याच्या पुढे, नव्या कॉलनीत, बचत बझार उद्या उघडणार होतं. असलं दुकान त्या बाजूला कुणी बघितलंच नव्हतं. आपण टोपली घ्यायची, आपल्या हाताने माल उचलायचा, आणि जी वस्तू बघावी ती बाहेरच्यापेक्षा स्वस्त. तेलाचे डबे छताला टेकलेले. आणि साखरेच्या पोत्यांचा डोंगर तर असा, की पताका बांधायला धनराज वर चढला तर झरोक्यातून त्याला थेट पांडवलेणी दिसली.

धनराज मूळचा सिन्नरचा. इंदूरच्या शेठजींनी त्याला मॅनेजर केलं होतं, पण बजावून. पहिल्या दिवशी दुकान बायकांनी भरलं नाही, तर परत सातपूरला, लेथ मशीनवर. आणि कॉलनीतल्या बायका तर सगळ्या कोपऱ्यावरच्या मल्हारी वाण्याच्या. "एवढं स्वस्त आहे म्हणजे माल किडका असणार," असं म्हणत नाक मुरडून पुढे जायच्या. काळजीने धनराजला जेवण गोड लागेना.

अशात या गोदावरीबाई दारात उभ्या राहिल्या. नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि बोलणं असं गोड, की दगडालाही वाटावं, ही आपली सख्खी मावशी.

"संक्रांतीचे दिवस आहेत रे बाळा," त्या म्हणाल्या. "तुझं दुकान उघडणार पाचला ना? मग तीनला आत हळदीकुंकू ठेवू. मंडळाच्या बायका मी आणते. बाईने एकदा आत पाऊल टाकलं, की मल्हारीला ती विसरलीच म्हणून समज."

"आणि वाण काय ठेवू?"

"ते आमचं आम्ही बघू. तू फक्त दार उघडं ठेव."

धनराजने धावत जाऊन शेठजींना फोन लावला. आनंदात त्याच्या हिंदीचा पाय घसरला. "शेठजी, कल सारी औरतें मिलके अपना दुकान लूटनेवाली हैं!"

पलीकडे काहीतरी खळकन फुटलं. "पुलिस को बोला?"

"नहीं, नहीं! हमारे में लुटना मतलब बाँटना! संक्रांत में औरतें एक-दूसरी को वाण लुटती हैं! वाण मतलब... भेट!"

समजावता समजावता त्याच्या तोंडाला फेस आला. शेवटी शेठजीही हसले. "तो फिर अच्छे से लुटवाओ!"

दुसऱ्या दिवशी तीनच्या ठोक्याला टेंपो भरभरून बायका आल्या. काय तो थाट! पैठण्यांची नुसती सळसळ. एकीची नथ एवढी मोठी, की दारातून तिला आडवं होऊन जावं लागलं. एवढ्या नटलेल्या बायका रस्त्यावरच्या बघ्यांमधून कशा आणायच्या, म्हणून गोदावरीबाईंनी मागचं, गोदामाचं शटर उघडायला लावलं होतं.

"चला, आता पुरुष माणसं बाहेर!" त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बरोबरच होतं. हळदीकुंकवाला पुरुषांचं काय काम? धनराज, काउंटरवरची पोरं, वॉचमन लखन, सगळे मुकाट्याने पुढच्या दाराने बाहेर आले आणि शटर ओढून पायरीवर बसले.

"साहेब, मी मागं उभा राहू का?" लखनने विचारलं. तो पेठकडचा, कामाला चोख.

"बायकांत? लाज नाही वाटत?"

लखन जीभ चावून खाली बसला.

आत नुसता कल्लोळ. बांगड्या वाजतायत, हसणं उसळतंय. मग एकीने खणखणीत उखाणा घेतला, "साखर भरली गोणीत, तूप भरलं डब्यात, सोमारावांचं नाव घेते, सगळं आलं ताब्यात!"

बाहेर पोरांनी टाळ्या पिटल्या. धनराजच्या अंगावर मूठभर मांस चढलं. भरलं! दुकान भरलं! त्याला लेथ मशीन दूर दूर पळताना दिसू लागलं.

"हळू उचल गं, पाठीत उसण भरेल!" आतून आवाज आला.

"लय जड वाण हाय, साहेब," लखन कौतुकाने म्हणाला.

"मंडळच मोठं आहे ना," धनराज म्हणाला आणि त्याने शर्ट नीट खोचला.

पाच वाजत आले. आणि काय आश्चर्य! समोरच्या गल्लीतून बायकांचा दुसरा लोंढा आला. साध्या साड्या, हातात पिशव्या. पुढे आशाताई, महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांना धनराज ओळखत होता. पत्रिका द्यायला गेला तेव्हा त्यांनी दार अर्धंच उघडलं होतं.

"म्हटलं, बघू तरी एकदा," आशाताई म्हणाल्या. "उघडा शटर. सगळं मंडळ घेऊन आलेय."

"सगळं मंडळ?" धनराज हसतच उठला. "ताई, तुमचं मंडळ तर तीनपासून आत आहे. हळदीकुंकू चाललंय ना!"

"त्या? आम्हाला वाटलं, तुमच्या शेठच्या घरच्या बायका पूजेला आल्यात."

धनराजने शटरला कान लावला. ना बांगडी, ना उखाणा. मागच्या गल्लीत एक टेंपो घरघरला आणि निघाला. त्याच्यामागे दुसरा.

"अहो ताई, असं काय करता? तुमच्या मंडळाच्या गोदावरीबाईंनीच तर सगळं ठरवलं!"

आशाताईंनी मागे वळून आपल्या बायकांकडे बघितलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

"आमच्यात कुणी गोदावरी नाही हो," आशाताई म्हणाल्या. "नाशकात मला एकच ठाऊक आहे, ती रामकुंडावरून वाहते."